पुढची कमानी

जबलपुरात गाडीबद्दल मत असायला पदरी गाडी असावी लागत नाही. इथे १९०४ साली तोफांचे गाडे बनवणारा कारखाना आला. १९५९ मध्ये त्याच गन कॅरेज फॅक्टरीतून मान या जर्मन कंपनीच्या परवान्यावर बनलेला पहिला शक्तिमान ट्रक बाहेर पडला, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली, आणि रांझी-खमरिया भागात घरटी एक माणूस नटबोल्ट आवळत पेन्शनीत निघाला. अशा गावात तुम्ही अंगणात जुनी जोंगा आणून उभी केलीत की ती तुमची एकट्याची राहत नाही. दूधवाला कॅन खाली ठेवून आधी वाकून बघतो. सकाळी फिरायला निघालेले निवृत्त चार्जमन फाटकाशी थांबतात, आत येतात, पुढच्या चाकाला बुटाने हलकेच ठोकतात आणि ह्यांना विचारतात, "काय बड्डे, आगे का क्या सोचा?"

आगे का म्हणजे आमच्या भविष्याचं नव्हे. पुढच्या सस्पेन्शनचं.

जोंगा ही मूळची जपानची निसान पॅट्रोल. ती इथे परवान्यावर बनू लागली आणि जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून तिचं नाव निघालं. जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आणि भूक अशी की पंपावरचा पोरगा तिला बघून खुर्चीतून उठतो. सैन्याने तिला तीसेक वर्षं वापरलं, मग हलकी जिप्सी आली आणि ही लिलावात निघू लागली. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीत जोंगा चालवताना दिसला आणि देशभरातल्या निवृत्त माणसांना आपणही कधीकाळी यष्टिरक्षण करत होतो असं वाटू लागलं. त्यांत आमचे हे.

हे वीज मंडळातून निवृत्त झाले. आयुष्यभर करंट सांभाळला, स्प्रिंगशी संबंध फक्त बॉलपेनपुरता. माझे बाबा मात्र व्हेइकल फॅक्टरीतले, असेंब्लीच्या कामावरचे. त्यामुळे जोंगाच्या बाबतीत आमच्या घरात ज्ञान एका बाजूला आणि उत्साह दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी आहे, आणि मी मध्ये.

गाडीचं 'रेस्टोमॉड' करायचं ठरलं. हा शब्द नागपूरच्या भाच्याने आणला. बाहेरून गाडी जुनीच दिसायची आणि आतून नवी व्हायची. आमच्या वयाची माणसं बरोबर याच्या उलट करतात: बाहेरून केस काळे, आतले गुडघे मूळचेच. तरी कल्पना मला आवडली. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, नवी वायरिंग हे सगळं चहाच्या एका फेरीत मंजूर झालं. रंगावर थोडं अडलं. लष्कराचा ऑलिव्ह हिरवा खासगी गाडीला लावता येत नाही, तसा नियमच आहे. तेव्हा हिरवा, पण त्या हिरव्यापासून कायद्याच्या अंतरावरचा हिरवा शोधण्यात ह्यांनी रंगाच्या दुकानात बराच काळ सुखाने घालवला. पुढच्या सस्पेन्शनशी मात्र सगळं ठप्प झालं.

याचं कारण उघड आहे. पुढे इंजिन आहे, पुढे स्टिअरिंग आहे, आणि पुढे मी बसते. जोंगात बसून गोलबाजारापर्यंत जाऊन आलं की मणक्यांची हजेरी घेता येत असे. प्रत्येक मणका आपापल्या जागेवरून 'हजर' म्हणायचा.

भाच्याचं म्हणणं पहिल्यापासून ठाम होतं. "मामा, इंडिपेंडंट करून टाकू. डबल विशबोन. प्रत्येक चाक आपापला खड्डा बघून घेईल." तो स्वतः गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे, त्यामुळे त्याच्या सल्ल्याला कुटुंबप्रेमासोबत कोटेशनही जोडलेलं असतं. मला त्या 'इंडिपेंडंट'चं फार नवल वाटलं नाही. आमच्या लहानपणीच्या फियाटला, म्हणजे पुढे जिचं नाव पद्मिनी झालं तिला, पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंगच होती. ॲम्बेसेडरला टॉर्शन बार. बिचाऱ्या टॅक्सी म्हणून झिजल्या, पण पुढची चाकं दोघींचीही स्वतंत्र होती. नव्या थारलाही २०२० पासून पुढे डबल विशबोनच आहे. तेव्हा गोष्ट चांगली आहे यात वाद नाही. वाद आहे तो करवतीचा.

जोंगाचा पुढचा ॲक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली एक अखंड लोखंडी नळी, मध्ये डिफरन्शियलचा गोळा. चाकं स्वतंत्र करायची तर ही नळी काढावी लागते, गोळा चॅसीला टांगावा लागतो, दोन्हीकडे सांध्याचे शाफ्ट घालावे लागतात, आणि विशबोन धरायला चॅसीवर नवे कान वेल्ड करावे लागतात. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यापेक्षा थार घ्या आणि तिच्यावर जोंगा लिहा."

शिवाय एक गंमत भाच्याने सांगितलीच नव्हती. अखंड ॲक्सलच्या गाडीत चाक दगडावर चढलं की मधला गोळाही थोडा वर उचलला जातो. खालची मोकळी जागा राखली जाते. स्वतंत्र चाकांच्या गाडीत चाक वर जातं आणि पोट खालीच राहतं, किंवा आदळून आणखी खाली येतं. डोंगरदऱ्यांत हिंडणारे शौकीन म्हणूनच अजून त्या नळीला चिकटून आहेत. सुझुकी जिम्नीसारखी आजची गाडीसुद्धा पुढे अखंड ॲक्सलच वापरते.

आणि वर कायदा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची सोय केली, नंबरात 'व्हीए' अक्षरं आली. आमच्या गाडीचं वय त्या उंबरठ्याशी आहे. पण अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. करवत लागली की व्हिंटेज गेली. हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला, मग पुढचं कलम वाचून पुन्हा उजळला: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायचीच नसते, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच. म्हणजे भाजी आणायला पुन्हा स्कूटरच. व्हिंटेजचा नाद तिथेच सुटला, पण करवतीची भीती मात्र राहिली. तसंही मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम आहेच. गाडीच्या नोंदणीत लिहिलंय त्याहून गाडी वेगळी झालेली आरटीओला आवडत नाही.

पुण्याचे मोठे दीर, आमचे भाऊजी, यांचा पक्ष वेगळा. ते कॉइलवाले. ॲक्सल आहे तोच ठेवा, फक्त कमान्या, म्हणजे एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगा, काढून त्या जागी कॉइल स्प्रिंग बसवा. भाऊजी कुठलाही विषय मुळापासून घेतात, त्यामुळे फोनवर १८०४ मधल्या ओबेडाया इलियट नावाच्या इंग्रज बग्गीवाल्याच्या पेटंटपासून सुरुवात झाली. कमान्यांच्या जोरावर बग्ग्या हलक्या कशा झाल्या ते कळलं. मग १९७० ची रेंज रोव्हर, अखंड ॲक्सल असून चारही बाजूंना कॉइल. मग हुकमाचं पान: "अरे, तुझ्या जोंगाच्या जपानी माहेरानेच १९८७ च्या पॅट्रोलमध्ये कमान्या सोडून कॉइल घेतली. आता तू कोण एवढा कमानीनिष्ठ?"

याला उत्तर सोपं नव्हतं. पण कॉइलचा एक स्वभाव आहे, ती फक्त वजन पेलते. बाकी काही नाही. कमानी, जिला पाटेही म्हणतात, ती दोन कामं एकदम करते: वजन पेलते आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवते. पुढे, मागे, आडवं, कुठे पळू देत नाही. कॉइल लावली की धरून ठेवायची नोकरी रिकामी पडते. मग पुढेमागे धरायला दोन आर्म, आणि आडवं धरायला पॅनहार्ड रॉड. हा रॉड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर खड्ड्यात गेल्यावर चालकाने न विचारताच गाडी वळते. हे भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर दोन पेन्सिली हातात घेऊन समजावलं. हेही इकडे दोन पेन्सिली घेऊन बसले. तिकडे एक पेन्सिल हलली की इकडे एक हलत होती. मी पोळ्या लाटत होते. लांबून पाहणाऱ्याला दोघे भाऊ मिळून स्वेटर विणताहेत असं वाटलं असतं.

मध्यंतरी भाऊजी स्वतःच आले. पाहुण्यांना दाखवायचं ते दाखवलं: भेडाघाट, खव्याची जलेबी, आणि मदन महालाजवळची बॅलन्सिंग रॉक. एका प्रचंड दगडावर दुसरा प्रचंड दगड, टेकलाय तो म्हणाल तर ओंजळीएवढ्या जागेवर. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा शहरातल्या कितीतरी भिंती फाटल्या. आमच्याही माजघराच्या भिंतीवर त्याची सही आहे. तो दगड मात्र हलला नाही. ना स्प्रिंग, ना बुश, ना शॉकअप. ह्यांनी हे सगळं अभिमानाने सांगितलं. भाऊजींनी दगडाभोवती एक चक्कर मारली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तात्पुरतं आहे हे."

तिसरा पक्ष कोणाचाच नव्हता, कारण तो स्वस्त होता. आहे तीच कमानी नीट करून घेणं. गाडीच्या शौकात स्वस्त उपायाला वकील मिळत नाही.

ह्यांना शेवटी तिकडे न्यायला कारण झाली ती एक खटखट. डाव्या बाजूने आवाज येऊ लागला, आणि फाटकाशी थांबणाऱ्या चार्जमन मंडळींनी एकमुखाने कटंगी रस्त्यावरच्या कमानी मिस्त्रीकडे पाठवलं. ट्रकांच्या कमान्यांचा ढीग, भट्टी, एक घण, आणि हातात तंबाखू मळत बसलेला मिस्त्री. कोटेशन नाही, फोटो नाहीत. त्याने जॅक लावला, यू-बोल्टच्या नटांवर डिझेल ओतलं, आणि चहा प्यायला गेला. गंज काय असतो ते माहीत असलेल्या माणसाची ती सुट्टी होती.

कमानी उतरवून त्याने व्हाइसमध्ये आवळून धरली आणि मगच मधला सेंटर बोल्ट सोडवला. तसाच सोडवला तर पट्टे उसळून अंगावर येतात. मग एकेक पट्टा सुटा होईना. छिन्नी घालून घालून सोडवावे लागले. दोन पट्ट्यांच्या मधून गंजाचे पापुद्रे पडत होते, तपकिरी, ओल्या मातीसारख्या वासाचे. प्रत्येक खालच्या पट्ट्याच्या टोकाने वरच्या पट्ट्यात एक खाच पाडली होती. मी बोट लावून पाहिलं. नख आत बसत होतं. शॅकलच्या एका बुशमध्ये रबर शिल्लकच नव्हतं, लोखंडावर लोखंड घासत होतं, खटखट तिथली. आणि शॉकअप त्याने हाताने दाबला तो जराही विरोध न करता दबला.

"साहब, ये कमानी चल ही नहीं रही थी," मिस्त्री म्हणाला. "लकड़ी हो गई थी."

पट्टे एकमेकांवर सरकले तर कमानी वाकते. ते थोडं घासतात, त्या घासण्याने उसळी आपोआप कमी होते, हा तिचा जुना गुण. पण गंजाने ते एकमेकांना चिकटले की सगळा गठ्ठा एकच जाड लोखंड होतो, आणि मग रस्ता जसाच्या तसा प्रवाशाला पोचतो. म्हणजे नागपूर आणि पुणे यांच्यात जो तात्त्विक वाद चालला होता, डबल विशबोन विरुद्ध कॉइल, त्यात कमानीची बाजू कुणी ऐकलीच नव्हती. आम्ही ज्या सस्पेन्शनवर वैतागलो होतो ते गाडीत नव्हतंच. पुष्कळ घरांत सून आल्यावर जुन्या पातेल्यांची रवानगी होते ती अशीच, कल्हई न करता. पण ते असो.

पट्टे फरशीवर क्रमाने मांडून मिस्त्रीने असा प्रश्न विचारला जो इतक्या दिवसांत कोणी विचारला नव्हता. "दीदी, इसमें बैठेगा कौन?"

ह्यांनी पुढे होऊन उत्तर दिलं. लडाख. स्पिती. कच्छचं रण. मागे तंबू, पाण्याचे कॅन, दोन स्टेपन्या, छपरावर सामान. मिस्त्रीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ग्वारीघाट. कधी भेडाघाट. थंडीत फार तर मंडल्याच्या रस्त्याने कान्हा. बसणारी माणसं दोन, एक डबा, एक थर्मास, आणि येताना घाटावरून मिळाले तर शिंगाडे.

बाबांनी घरी हेच दुसऱ्या बाजूने सांगितलं. त्यांच्या हातून गेलेल्या कित्येक जोंगांवर पुढे १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसली. काहींवर वायरलेसचे जड संच, काहींत भरगच्च जवान. "त्या कमानीचा हिशेब तसल्या ओझ्याचा. आराम हा शब्द ड्रॉइंगवर कुठे लिहिलेला नव्हता. तुम्ही दोघं बसलात तर तिला कळतसुद्धा नाही कोणी बसलंय म्हणून." हे ऐकून मला, प्रामाणिकपणे सांगायचं तर, थोडं बरं वाटलं. वजनकाट्याने इतका मोठेपणा मला कधी दिला नव्हता.

स्प्रिंगला फक्त भार कळतो, बेत कळत नाही. आणि सगळी शौकीन माणसं स्प्रिंग निवडताना बेत सांगतात. चार इंच उंची वाढवायची, लांब शॅकल लावायचे, तेही कधी न येणाऱ्या नाल्यासाठी. लांब शॅकलने ॲक्सल जरा फिरतो, कॅस्टर बिघडतो, आणि ज्या सरळ रस्त्यावर गाडी रोज चालणार त्यावरच ती झोकांड्या खाऊ लागते. नाला मात्र तिकडे लडाखला वाट बघत राहतो. मी ह्यांना हसत नाही. माझ्या कपाटातही काही साड्या अशा लग्नांसाठी ठेवलेल्या आहेत ज्यांची मुलं अजून प्रेमातसुद्धा पडलेली नाहीत.

शेवटी झालं ते असं. मिस्त्रीने पट्टे घासून काढले, भट्टीत तापवून बाक थोडा वाढवला, खालचा एक पट्टा कमी केला, मधे ग्रेफाइटचं ग्रीस भरलं. नवे बुश, नव्या शॅकलपिना, नवे शॉकअप, खाली रबराचे बंप स्टॉप. कॉइलच्या पहिल्या हप्त्यात एवढं सगळं आलं. कमानी परत बसवल्यावर त्याने दोन्ही बाजूंना ॲक्सलपासून चॅसीपर्यंतचं अंतर वीत लावून मोजलं. मोजपट्टी भिंतीला टांगलेली होती, तिला हात लावला नाही. मग पुढच्या बंपरवर उभा राहून त्याने गाडी दोनदा दाबली. ती खाली गेली, वर आली, थांबली. त्याने मान हलवली आणि तंबाखूची पुडी पुन्हा काढली.

पहिल्या फेरीत मी मुद्दाम वरणाचा डबा मांडीवर घेतला होता. रांझीच्या वाटेवर एका सरकारी इमारतीसमोर ओळीने गतिरोधक आहेत, जे मारताना पूर्वी गाडीतली संभाषणं अर्ध्यात तुटायची. या वेळी मी वाक्य पूर्ण केलं. वरण सांडलं, पण माझ्याच झाकणामुळे. मागे बसलेल्या बाबांनी विचारलं, "इंजिन मूळचंच ना?" त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी पसंती मी ऐकलेली नाही.

हे मात्र गप्प होते. घरी आल्यावर सीटखाली नवीन घातलेला फोम त्यांनी काढला. रात्री जेवताना बोलले, "बरी झालीय. पण जोंगा वाटत नाही गं." आता हा आजार मिस्त्रीच्या आवाक्यातला नाही. जुन्या गाडीत बसणाऱ्याला दणका नको असतो, आणि दणका बसला नाही तर गाडी जुनी आहे हे पाठीला कसं कळायचं, हीही पंचाईत असते. मी त्यांना सुचवलं, फोम माझ्या बाजूला दोन थर घाला, तुमच्या बाजूला घालूच नका. तसं केलंय. एका गाडीत दोन सस्पेन्शन झाली आणि कायद्याच्या कुठल्याच कलमात बसत नाहीत.

भाच्याने कोटेशनची मुदत वाढवून पाठवली आहे. लडाख अधिकृतपणे रद्द झालेलं नाही. डिसेंबरात सगळ्यांनी कान्ह्याला जायचं ठरलं आहे. भाऊजी पुण्याहून रेल्वेने येताहेत. काल त्यांचा फोन आला होता, पॅनहार्ड रॉडबद्दल अजून एक मुद्दा सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून मला विचारलं, "वहिनी, स्टेशनवर न्यायला कोणती गाडी येणार आहे?"